घर, गोठा व कडब्याच्या गंजीची आग : माहीत असाव्यात अशा संज्ञा आणि विझविण्याची पद्धत



रब्बी ज्वारीची काढणी संपते, कडब्याच्या गंजी लागतात, तुराट्या गोठ्याच्या आडोशाला रचल्या जातात आणि पाठोपाठ उन्हाचा तडाखा सुरू होतो. धाराशिव जिल्ह्यात याच दिवसांत विहिरी तळाला जातात. म्हणजे जळण्याजोगे साहित्य सर्वात जास्त आणि पाणी सर्वात कमी, असा हा काळ असतो. अशा वेळी चुलीतील एक निखारा किंवा तारेची एक ठिणगी वर्षभराची वैरण, दावणीची जनावरे आणि राहते घर घेऊन जाते. अवर्षणप्रवण भागात कडबा जळाला की आग विझल्यानंतरही नुकसान थांबत नाही, कारण वैरणीअभावी जनावरे मिळेल त्या भावाने विकावी लागतात.

अग्निशमन दलाची गाडी साधारणपणे नगरपरिषदेच्या गावाहून येते. भूम, परंडा, कळंब, उमरगा, तुळजापूर किंवा धाराशिव येथून वाडी-वस्तीवर पोहोचण्यास अर्धा तास सहज लागतो. रात्रीची वेळ व कच्चा रस्ता असेल तर त्याहूनही अधिक. आगीचा निकाल मात्र बहुधा पहिल्या दहा मिनिटांतच लागतो. ही दहा मिनिटे गावाच्या हातात असतात. त्यासाठी आगीविषयी काही शब्द व काही कृती प्रत्येक कुटुंबाला माहीत असणे आवश्यक आहे.

आग कशी लागते व कशी विझते?

आगीला तीन गोष्टी लागतात : जळणारा पदार्थ, हवेतील प्राणवायू आणि उष्णता. यालाच अग्नित्रिकोण म्हणतात. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. हे प्रमाण १५-१६ टक्क्यांच्या खाली गेले की बहुतेक पदार्थांची ज्योत टिकत नाही. त्रिकोणाची कोणतीही एक बाजू काढली की आग विझते. त्यावरून आग विझविण्याच्या पद्धती पडतात.

१) थंड करणे : पाणी टाकून उष्णता काढून घेणे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. त्यामुळे पाणी पदार्थ थंड करते, शिवाय त्याची वाफ काही प्रमाणात हवाही बाजूला सारते.

२) गुदमरविणे : झाकण, ओले गोणपाट, माती किंवा वाळू टाकून हवा तोडणे. पेटलेल्या कढईवर झाकण ठेवणे हे याचे सोपे उदाहरण आहे.

३) उपासमार करणे : जळणारा पदार्थ दूर करणे. गंजीतील न पेटलेल्या पेंढ्या ओढून काढणे, गॅसची कळ बंद करणे, पेटत्या छपराला लागून असलेले दुसरे छप्पर सोडविणे या सर्व कृती याच प्रकारात मोडतात. पाणी कमी असलेल्या गावात ही पद्धत सर्वात उपयोगी पडते.

४) ज्वलनाची साखळी तोडणे : अग्निशामक नळकांड्यातील कोरडी भुकटी हे काम करते.

आग पसरते कशी?

आग तीन वाटांनी पसरते. पहिली वाट वहनाची. पत्र्याचे एक टोक तापले की दुसऱ्या टोकाला टेकलेला कडबा पेटू शकतो. दुसरी वाट अभिसरणाची. गरम धूर व वायू वर जातात, आढ्याखाली साठतात आणि माळ्यावर ठेवलेल्या वस्तू पेटवितात. तिसरी वाट प्रारणाची. ज्वाळेला स्पर्श न होताही समोरची वस्तू नुसत्या धगीने पेटते. याशिवाय वाऱ्याने उडणाऱ्या ठिणग्या दूरची गंज पेटवितात. म्हणून आग लागलेल्या जागेइतकेच लक्ष वाऱ्याच्या दिशेला असलेल्या घराकडे व गंजीकडे द्यावे.

माहीत असाव्यात अशा काही संज्ञा

आगीचे मूळ : प्रत्यक्ष जळणारी जागा. ज्वाळा वर दिसतात, पण मूळ खाली असते. पाणी किंवा भुकटी मुळावरच पडली पाहिजे.

प्रज्वलन बिंदू : ज्या तापमानाला द्रव पदार्थाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान. पेट्रोलचा हा बिंदू शून्याच्या खाली सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे, म्हणजे पेट्रोल कोणत्याही ऋतूत पेटण्यास तयारच असते. रॉकेल व डिझेलसाठी तो ३५ अंशांच्या वर असतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक तापते. हिवाळ्यात सुरक्षित वाटणारा डिझेलचा कॅन उन्हाळ्यात तसा राहत नाही, हे ध्यानात ठेवावे.

एकाएकी भडका : बंद खोलीत आढ्याखालचा धूर व वायू तापत जातात. तापमान सुमारे ५०० ते ६०० अंशांवर गेले की खोलीतील सर्व वस्तू एकदमच पेट घेतात. त्यानंतर आत कोणीही जिवंत राहू शकत नाही. धुराचा थर झपाट्याने खाली येणे व असह्य धग लागणे ही त्याची पूर्वसूचना होय.

उलट भडका : दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत प्राणवायू संपतो आणि आग धुमसत राहते. अशा वेळी कोणी दार उघडले की हवा आत शिरते व ज्वाळा स्फोटासारख्या बाहेर येतात. दार तापलेले असेल, फटीतून धूर आत-बाहेर होत असेल तर दार उघडू नये. दार तपासताना तळहात न लावता हाताची मागची बाजू जवळ न्यावी.

धुमसणे : ज्योत न दिसता आतून जळत राहणे. कापूस, कडबा, भुसकट व पाचट हे पदार्थ असे कित्येक तास, प्रसंगी काही दिवस जळतात.

उकरून विझविणे : वरची आग गेल्यावर ढीग पसरून प्रत्येक निखारा विझविणे. हे काम अर्धवट राहिले तर तीच आग पहाटे पुन्हा पेटते.

आगपट्टा : आगीच्या वाटेत सर्व वाळलेले गवत, काडी-कचरा काढून मोकळा केलेला जमिनीचा पट्टा.

आगीचे वर्ग

सर्व आगींना एकच औषध चालत नाही. पदार्थानुसार आगीचे वर्ग केलेले आहेत.

‘ए’ वर्ग : लाकूड, कडबा, कापड, कागद, कापूस. उपाय - पाणी.

‘बी’ वर्ग : पेट्रोल, डिझेल, रॉकेल, ऑईलपेंट. उपाय - फेस, कोरडी भुकटी, वाळू. पाण्याचा झोत मारल्यास पेटते तेल पाण्यावर तरंगून पसरते.

‘सी’ वर्ग : घरगुती गॅससारखे ज्वलनशील वायू. उपाय - प्रथम गॅसचा पुरवठा बंद करणे.

‘डी’ वर्ग : मॅग्नेशियमसारखे धातू. उपाय - खास भुकटी. यावर पाणी घातक ठरते.

स्वयंपाकाच्या पेटत्या तेलाचा वेगळा वर्ग मानला जातो, त्याला ‘एफ’ वर्ग म्हणतात. उपाय - शेगडी बंद करून झाकण ठेवणे.

विजेच्या आगीला स्वतंत्र वर्ग नाही. आधी वीज तोडावी आणि मग जो पदार्थ जळत असेल त्याप्रमाणे उपाय करावा.

अग्निशामक नळकांडे : निवड व वापर

शेतकरी कुटुंबासाठी ‘एबीसी’ प्रकारचे कोरड्या भुकटीचे, ४ किंवा ६ किलोचे नळकांडे सोयीचे आहे. यातील मुख्य घटक मोनो अमोनियम फॉस्फेट होय. ठिबकमधून आपण देतो ते १२:६१:०० खत रासायनिकदृष्ट्या हेच. मात्र नळकांड्यातील भुकटी अतिशय बारीक दळलेली व ओल धरू नये म्हणून प्रक्रिया केलेली असते. म्हणून खत फेकून आग विझविण्याचा प्रयत्न करू नये. संगणक किंवा विजेच्या पॅनेलसाठी कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे वापरतात. ते उघड्या गोठ्यात वाऱ्यामुळे फारसे उपयोगी पडत नाही.

वापरण्याच्या चार पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत.

१) सील तोडून पिन ओढून काढा.
२) ६ ते ८ फुटांवर, वारा पाठीशी घेऊन उभे राहा व नळीचे तोंड आगीच्या मुळावर रोखा.
३) वरचा दांडा दाबा.
४) झाडू मारल्याप्रमाणे नळी डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे सरका.

अशा नळकांड्यातील भुकटी साधारण १० ते २० सेकंदांतच संपते. त्यामुळे ज्वाळेच्या शेंड्यावर ती वाया घालवू नये. नळकांडे दाराजवळ, हाताला येईल असे टांगावे. दर महिन्याला दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही ते पाहावे. भुकटी तळाशी घट्ट बसू नये म्हणून नळकांडे उलटसुलट करून हलवावे. खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे आणि एकदा वापरल्यावर, थोडीच भुकटी गेली असली तरी, ते पुन्हा भरून घ्यावे.

आग लागल्यावर करावयाच्या कृती

१) आरडाओरड करून सर्वांना सावध करावे. ग्रामपंचायतीचा किंवा मंदिराचा भोंगा असल्यास वाजवावा.

२) प्रथम माणसे बाहेर काढावीत. धूर भरला असल्यास ओणवे होऊन किंवा रांगत बाहेर यावे, कारण श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत असते. आगीत होरपळण्यापेक्षा धुराने माणसे अधिक दगावतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील लाल द्रव्याला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. त्याला वास नसतो. ओला रुमाल तोंडाला बांधल्याने काजळी अडते, हा वायू अडत नाही. म्हणून रुमाल बांधून आत परत जाण्याचे धाडस करू नये.

३) बाहेर पडताना मागची दारे ओढून घ्यावीत. बंद दार आगीला बराच वेळ थोपविते.

४) सर्वांनी ठरलेल्या जागी, उदाहरणार्थ पारावर किंवा अंगणाबाहेरच्या झाडाखाली जमावे व डोकी मोजावीत. कोण बाहेर आले आणि कोण राहिले हे न कळल्यामुळेच अनेकजण विनाकारण आत परततात. दागिने, कागदपत्रे किंवा धान्य यांसाठी कोणीही परत जाऊ नये.

५) मेन स्विच बंद करावा. गॅसची कळ हाताशी असल्यास बंद करावी.

६) १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. जखमींसाठी १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. गावाचे नाव सांगताना तालुका, रस्ता व ओळखीची खूण सांगावी, कारण एकाच नावाची गावे अनेक असतात. काय पेटले आहे, आत कोणी अडकले आहे काय, सिलिंडर किंवा औषधे आहेत काय हेही सांगावे. समोरच्याने फोन ठेवण्यापूर्वी आपण ठेवू नये. एक माणूस फाट्यावर विजेरी घेऊन उभा करावा.

७) त्यानंतरच आग विझविण्यास हात घालावा. आग लहान आहे, छताला पोहोचलेली नाही, बाहेर पडण्याची वाट आपल्या पाठीशी आहे आणि योग्य साधन हाती आहे, या चारही गोष्टी असतील तरच आगीला सामोरे जावे. यांपैकी एक जरी नसेल तर बाहेर थांबून आग पसरणार नाही एवढेच पाहावे.

अग्निशमन दलाच्या अनेक गाड्यांत सुमारे ४,५०० लिटर पाणी असते. नळीतून मिनिटाला ४५० लिटर पाणी सोडले तर ते दहा मिनिटांत संपते. म्हणून गाडी येण्यापूर्वीच जवळच्या विहिरीवर किंवा शेततळ्यावर मोटार, नळी व टँकर सज्ज ठेवावेत. आगीसाठी वीज तोडली असेल तर तिथे डिझेल इंजिन लागेल, याचाही आधीच विचार करावा.

माळवदाच्या घरातील आग

आपल्या भागातील जुनी घरे माळवदाची आहेत. लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर अशी त्यांची रचना असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा व लोहारा परिसरातील अशाच घरांच्या दगडी भिंती व मातीचे छत यांखाली असंख्य माणसे गाडली गेली. आगीतही हाच धोका वेगळ्या रीतीने येतो. तुळई बाहेरून कोळसा होत जाते व आतले मजबूत लाकूड कमी होत जाते. त्यातच वरून पाणी मारले तर मातीचा थर पाणी पिऊन जड होतो. कमकुवत तुळईवर वाढलेला भार पडून माळवद एकदम बसते. म्हणून पेटलेल्या माळवदावर चढू नये, त्याखाली उभे राहू नये आणि पाणी वरून मातीवर न टाकता दारा-खिडकीतून पेटलेल्या लाकडावर मारावे. भिंतीच्या उंचीहून अधिक अंतरावर उभे राहावे.

लाकडी सांगाड्याच्या इमारतीचा धोका अनुभवी माणसांनाही चुकत नाही. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवी येथील गोकुळ निवास या जुन्या इमारतीची आग विझविताना ती कोसळली आणि अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. साधनसामग्री व प्रशिक्षण असलेल्यांची ही गत होते, तेथे आपण तर अधिकच सावध राहिले पाहिजे.

स्वयंपाकघरातील आग व गॅस सिलिंडर

कढईतील तेल पेटल्यास पाणी मुळीच टाकू नये. पाणी तेलाच्या तळाशी जाऊन त्याची क्षणात वाफ होते आणि पेटते तेल छतापर्यंत उडते. शेगडी बंद करावी, बाजूने सरकवत झाकण ठेवावे व कढई थंड होईपर्यंत झाकण उचलू नये. पेटती कढई हातात घेऊन बाहेर पळू नये.

घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळालेला गॅस जमिनीवर पसरतो व चुलीपर्यंत किंवा देवघरातील समईपर्यंत जातो. वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे बटण चालू किंवा बंद काहीही करू नये आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

नळीजवळ ज्योत लागली असेल व रेग्युलेटरपर्यंत सुरक्षित पोहोचता येत असेल तर हाताला ओले जाड कापड गुंडाळून तो बंद करावा. गॅस बंद करता येत नसेल तर ज्योत विझवू नये. जळणारा गॅस दिसतो, न जळता साठणारा गॅस दिसत नाही आणि नंतर स्फोट करतो. सिलिंडरच आगीच्या वेढ्यात असेल तर सर्वांनी किमान १०० मीटर दूर जावे व भरलेला दुसरा सिलिंडर घरात असल्याची माहिती दलाला द्यावी.

विजेची आग

आगीची अनेक कारणे सैल जोड, उघड्या तारा, फ्यूजऐवजी लावलेली जाड तार व आकडा टाकून घेतलेली वीज यांत असतात. वीज चालू असताना पाणी टाकल्यास पाण्याच्या धारेतून धक्का बसू शकतो. मेन स्विच बंद करणे शक्य नसेल तर वायरमनला कळवून डीपीवरून पुरवठा बंद करून घ्यावा. महावितरणकडे १९१२ वर तक्रार देता येते. डीपीवर स्वतः चढू नये. तुटून पडलेल्या तारेजवळ व त्या तारेला टेकलेल्या कुंपणाजवळ माणसांना आणि जनावरांना जाऊ देऊ नये.

गोठ्यातील जनावरे

१) जनावर साखळीने किंवा गाठ न सुटणाऱ्या दाव्याने बांधू नये. एका ओढीत सुटेल अशी गाठ मारावी. दावे कापण्यासाठी विळा गोठ्याबाहेर ठरलेल्या जागी टांगून ठेवावा.

२) गोठ्याला समोरासमोर दोन दारे ठेवावीत व ती बाहेर उघडणारी असावीत.

३) दाराजवळचे जनावर आधी सोडावे. बुजलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या डोळ्यांवर ओले पोते टाकल्यास ते चालते.

४) उस्मानाबादी शेळ्यांचा कळप हाकलण्यापेक्षा पुढे चालणारी एक शेळी दोरीने बाहेर न्यावी, बाकीच्या मागे येतात. करडे मात्र उचलूनच आणावीत.

५) बाहेर काढलेली जनावरे वाऱ्याच्या उलट बाजूस दूर नेऊन बांधावीत. घाबरलेले जनावर ओळखीच्या गोठ्याकडे परत धावते व आगीत सापडते.

कडब्याची गंज

गंज पेटल्यावर सर्वांनी मिळून शेंड्यावर घागरी ओतल्याने फारसा उपयोग होत नाही. पाणी पेंढ्यांवरून ओघळून जाते. त्याऐवजी लोकांचे तीन गट करावेत. पहिल्या गटाने शेजारची गंज, छप्पर व गोठ्याची वाऱ्याकडील बाजू ओली करावी. दुसऱ्या गटाने न पेटलेल्या पेंढ्या ओढून दूर न्याव्यात. तिसऱ्या गटाने पेटलेल्या भागाच्या मुळावर पाणी मारावे. पाण्यात थोडी धुण्याची पावडर मिसळल्यास ते पेंढीत चांगले मुरते. द्राक्ष बागायतदारांकडील ट्रॅक्टरचलित फवारणी यंत्र व एचटीपी पंप या कामी उत्तम उपयोगी पडतात. टाकीत औषध शिल्लक नाही याची खात्री करून घ्यावी. आग आटोक्यात आल्यावर ढीग दाताळ्याने पसरून, उकरून विझवावा आणि रात्रभर राखण ठेवावी.

ओलसर वैरण किंवा भुसकट दाबून रचल्यास ते आतून आपोआप तापते. अवकाळी पावसात भिजलेला कडबा वाळविल्याशिवाय गंजीला लावू नये. शंका आल्यास लोखंडी सळई गंजीच्या पोटात खुपसून अर्ध्या तासाने काढावी. सळई हातात धरवत नसेल तर धोका आहे. अशी गंज पाणी तयार ठेवूनच उघडावी, कारण हवा लागताच ती पेटू शकते. तापलेल्या गंजीवर चढू नये, आतला भाग पोकळ जळालेला असतो.

औषधे, खते व बी-बियाणे यांचे कोठार

जिल्ह्यात अनेक ठिकाणी कीटकनाशके, गंधक, विद्राव्य खते व डिझेल एकाच खोलीत ठेवलेले आढळते. ही सवय सोडली पाहिजे. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. कॅल्शियम नायट्रेटप्रमाणेच ते स्वतः जळत नाही, पण आगीला प्राणवायू पुरविते. पोटॅशियम नायट्रेट, गंधक व कोळसा यांपासून फटाक्याची दारू होते. वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे, तेथील लोकांना या पदार्थांची ताकद सांगावी लागत नाही. नायट्रेटयुक्त खते गंधक, डिझेल, भुसकट व सेंद्रिय पदार्थांपासून वेगळ्या खोलीत ठेवावीत.

एकत्र न ठेवावयाच्या वस्तू एकत्र ठेवल्याने काय घडते याचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठी व स्फोटके एकत्र होती. कापूस आतून धुमसू लागला. भरपूर पाणी सोडूनही आगीच्या मुळापर्यंत ते पोहोचले नाही. झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान व शेकडो नागरिक मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

कीटकनाशकांचे कोठार पेटल्यास धूर विषारी असतो. अशा आगीजवळ जाऊ नये, वाऱ्याच्या खालच्या बाजूची घरे रिकामी करावीत व विझविताना वाहणारे पाणी मातीचा बांध घालून विहिरीत किंवा ओढ्यात जाण्यापासून रोखावे.

अंगावरचे कपडे पेटल्यास व भाजल्यास

पळू नये, पळाल्याने ज्वाळा वाढतात. जागीच थांबून जमिनीवर आडवे व्हावे आणि लोळावे. दुसऱ्याने घोंगडी किंवा जाड सुती चादर गुंडाळावी. लोकर सहजासहजी पेटत नाही. नायलॉनचे कापड वापरू नये, ते वितळून कातडीला चिकटते. भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी धरावे. बांगड्या, अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. हळद, टूथपेस्ट, शाई, तेल काहीही लावू नये. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये, फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैल झाकून रुग्णालयात न्यावे.

आग लागू नये म्हणून

१) गंज घरापासून व गोठ्यापासून किमान ६० फूट दूर, विजेच्या तारांखाली नसलेल्या जागी लावावी. सर्व कडबा एकाच गंजीत न ठेवता दोन-तीन ठिकाणी विभागावा. एक गेली तरी दुसरी राहते.

२) प्रत्येक गंजीभोवती १० ते १५ फूट रुंदीचा आगपट्टा नांगरून किंवा खरवडून ठेवावा.

३) चुलीतील राख पाणी टाकून पूर्ण विझल्याशिवाय उकिरड्यावर टाकू नये.

४) धुऱ्यावरील गवत, पाचट व धसकटे पेटवू नयेत. ती कुजवून खत करावे.

५) दाराजवळ दोन बादल्या वाळू, एक पिंप पाणी व चार गोणपाटे कायम ठेवावीत.

६) ठिबकच्या नळ्या व शेडनेट गोठ्याच्या छपराखाली साठवू नये. पेटलेले प्लॅस्टिक वितळून थेंबाथेंबाने खाली पडते व जनावरे भाजतात.

७) ग्रामसभेत दरवर्षी मार्चपूर्वी टँकर, फवारणी यंत्रे, डिझेल पंप कोणाकडे आहेत याची यादी करावी व ती क्रमांकांसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. जवळच्या साखर कारखान्याकडे अग्निशमन गाडी असल्यास तो क्रमांकही लिहावा.

आग विझल्यानंतर

घरात लगेच शिरू नये. भिंती, तुळया तपासून घ्याव्यात. पंचनामा होईपर्यंत जागा शक्यतो तशीच ठेवावी, फोटो काढावेत. तलाठ्यास, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, त्वरित कळवून पंचनामा करून घ्यावा. पोलीस ठाण्यात नोंद करावी. जनावर विम्याचे असेल तर विमा कंपनीस कळवावे, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्यावे आणि कानातील बिल्ला जपून ठेवावा. आगीत भिजलेले किंवा धुराचा वास लागलेले धान्य व वैरण तपासल्याशिवाय जनावरांना घालू नये. औषधांच्या धुराने माखलेली वैरण तर नष्टच करावी.

शेतकरी बंधूंनो, वर सांगितलेल्या बहुतेक उपायांना फार खर्च येत नाही. सुटणारी गाठ, गोठ्याबाहेर टांगलेला विळा, दोन ठिकाणी लावलेली गंज आणि फलकावरचे क्रमांक एवढ्यानेही पुष्कळ काही वाचते. हा लेख वाचून झाल्यावर आजच संध्याकाळी घरातील सर्वांना, विशेषतः मुलांना, मेन स्विच कोठे आहे, गॅस कसा बंद करावा आणि बाहेर पडल्यावर कोणत्या झाडाखाली जमावयाचे हे प्रत्यक्ष दाखवावे.